दोन हजार डॉलरची भीती

आँरी-जॉर्ज क्लूझोचा ‘ल सालेर द ला पर’, म्हणजे ‘भीतीची मजुरी’, हा १९५३ सालचा फ्रेंच चित्रपट विशीत पाहावा आणि पुन्हा पन्नाशीत पाहावा. विशीत मनात राहतात ते दोन ट्रक. तेलविहिरीला आग लागली आहे, ती स्फोटानेच विझवता येईल आणि त्यासाठी नायट्रोग्लिसरीन पाचशे किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यावरून न्यायचे आहे. एक हिसका बसला की सगळे संपले. वय वाढते तसे लक्ष ट्रक सुटण्यापूर्वीच्या तासाभराकडे वळते. लॅटिन अमेरिकेतले लास पिएद्रास हे आडगाव. फ्रेंच, इटालियन, जर्मन असे देशोदेशींचे पुरुष तिथे अडकलेले. काम नाही, परतीच्या विमानाचे भाडे नाही. दिवसभर कँटीनच्या सावलीत बसायचे आणि उधारी वाढवायची. हा भाग लांबला आहे, कात्री लावली असती तर बरे झाले असते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित करताना खरोखरच काटछाट झाली. माझे मत नेमके उलटे आहे. या चित्रपटातली भीती ट्रकमध्ये भरलेलीच नाही. ती या पहिल्या तासात तयार होते, आणि तो तास काढला तर उरेल ती नुसती चित्तथरारक कसरत.

पुरावा चित्रपटातच आहे. अमेरिकन तेलकंपनी माणशी दोन हजार डॉलर जाहीर करते आणि मृत्यूच्या कामासाठी झुंबड उडते. बेर्नार्दो नावाच्या तरुण इटालियनाची निवड होत नाही, तेव्हा तो गळफास घेतो. जो हा उतारवयाचा फ्रेंच गुंडही निवडीत मागे पडलेला असतो. पण निवडलेला चौथा ड्रायव्हर पहाटे उगवतच नाही आणि त्याच्या जागी जो हजर होतो. मधे काय घडले ते क्लूझो दाखवत नाही, सोबत्यांच्या नजरांवर सोडून देतो. या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते, की इथे मरणापेक्षा मोठी भीती मागे राहण्याची आहे. कंपनीचा माणूस ओब्रायन हे पुरते ओळखून आहे. या लोकांना युनियन नाही, घरदार नाही. उडाले तरी भरपाई मागायला कोणी येणार नाही, असा त्याचा हिशेब. ट्रक दोन का, तर एक गेला तरी दुसरा पोचावा म्हणून. यावरून चित्रपटावर अमेरिकाद्वेषाचा आरोप झाला. पण ओब्रायन राक्षस म्हणून रंगवलेला नाही. तो जोचा जुना ओळखीचा आहे, आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुठल्याही देशाचा व्यवस्थापक बसवला तरी हिशेबात फरक पडणार नाही.

यावर म्हणता येईल, की थरार शेवटी दिग्दर्शकाच्या तंत्रातून येतो; त्याला मजुरीच्या अर्थशास्त्राचा टेकू कशाला? तंत्र थक्क करणारे आहे यात वाद नाही. पत्र्यासारखा लाटालाटांचा रस्ता एकतर ताशी चाळीस मैलांहून जास्त वेगाने, नाहीतर रांगत ओलांडायचा. डोंगरातल्या वळणावर ट्रक मागे घ्यायला जागा एकच, ती म्हणजे कुजक्या लाकडांचा माच. पण सगळ्यात मोठा स्फोट क्लूझो कसा दाखवतो ते पाहा. जो सिगारेट वळत असतो, अचानक हवेच्या झोताने कागदावरची तंबाखू उडते, मग उजेड दिसतो. पुढचा ट्रक गेला. आगीचे लोळ नाहीत, उडणारे भाग नाहीत. तरी पोटात खड्डा पडतो, कारण त्या ट्रकमधल्या दोघांना आपण ओळखतो: सिमेंटने फुफ्फुसे निकामी झालेला, तरीही हसतमुख लुइजी आणि बापाचा जीव नाझींनी घेतलेला, मिठाच्या खाणीत राबलेला बिंबा. ही ओळख तंत्राने होत नाही. तिला तो ‘लांबलेला’ तासच लागतो.

माझ्या म्हणण्याचा कस लागतो तो जोच्या बाबतीत. गावात पांढऱ्या सुटात रुबाब करणारा हा माणूस ट्रकमध्ये बसताच गळून जातो आणि इव्ह माँताँने साकारलेला कोवळा मारिओ त्याला तुच्छ लेखू लागतो. ही भूमिका ज्याँ गाबँने नाकारली. भेकड दिसणे त्याला नको होते, असे सांगतात. शार्ल व्हानेलने ती केली आणि कान महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. बहुतेक प्रेक्षक जोला भित्रा ठरवून मोकळे होतात. पण जो स्वतःच मारिओला सुनावतो, की पैसे नुसते ट्रक हाकण्याचे नाहीत, भिण्याचेही आहेत; कामाची वाटणी झाली आहे, तू चालव, मी भितो. संपूर्ण व्यवहार समजलेला चित्रपटातला हा एकमेव कामगार. पुढे फुटलेल्या नळातून साचलेल्या तेलाच्या डबक्यात ट्रक अडकू नये म्हणून मारिओ जोच्या पायावरून चाक नेतो. तेव्हा धैर्य म्हणून आपण ज्याचे कौतुक करत होतो त्याचे काय झाले आहे, हे दिसते. तो शूर झाला नाही, ओब्रायनचा हिशेब त्याने आपलासा केला.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावाच लागतो. व्हेरा क्लूझोने केलेली लिंडा फरशी पुसत मारिओच्या मागे घोटाळते आणि चित्रपट तिला त्यापलीकडे काही देत नाही. ज्या दिग्दर्शकाला पुरुषांची लाचारी इतकी बारकाईने दिसली, त्याला तिची दिसू नये, हा दोषच आहे. दुसरा आक्षेप शेवटावर. मोहीम फत्ते करून, जोचाही हिस्सा खिशात घालून मारिओ रिकामा ट्रक नाचवत परततो आणि दरीत कोसळतो. हे ओढूनताणून आणलेले आहे असे म्हणतात. मला ते तर्काला धरून वाटते. इतका वेळ त्याचा हात स्थिर ठेवला तो भीतीने. ती संपली तेव्हा त्याच्यापाशी स्वतःला आवरणारे दुसरे काही उरले नव्हते.

विल्यम फ्रीडकिनने १९७७ साली ‘सॉर्सरर’मध्ये हीच कथा पुन्हा सांगितली, तेव्हा चौघांच्या पूर्वायुष्यातले गुन्हे सुरुवातीलाच दाखवले. तोही समर्थ चित्रपट आहे. पण त्यात माणसे आपापल्या पापांमुळे तिथे पोचलेली दिसतात, आणि प्रेक्षकाला एक सोयीचा दिलासा मिळतो, की आपण तसले काही केलेले नाही. क्लूझो भूतकाळाचे तुकडेच देतो. त्याच्या गावातून बाहेर पडायला पापक्षालन लागत नाही, विमानाचे भाडे लागते.