बाबांनी लपविलेले दुखणे

आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहितो. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा दाखला, कुणाचे इस्पितळातले काम. पण आमच्याच घरात बाबा रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठत होते, हे आमच्या लक्षात आले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईने विचारले की बाबा म्हणत, "वय झालं, चालायचंच." घरात सुना-नाती; असले दुखणे बोलायचे कसे? अखेर एका रात्री लघवी तुंबली. रिक्षाने इस्पितळात नेले, नळी घातली. डॉक्टर म्हणाले, "पीएसए ही रक्ताची तपासणी करायची आहे, पण आज नको. लघवी तुंबली, नळी घातली की आकडा उगाच चढतो." काही आठवड्यांनी रक्त दिले. आकडा आला ६२.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन. त्याचा थोडा अंश रक्तात येतो. साधारणपणे ४ च्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढची चौकशी करतात. परंतु आकडा चढला म्हणजे कॅन्सरच, असे नाही. म्हातारपणी ग्रंथी वाढली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी तो चढतो. उलट कमी आकडा असूनही कधी कॅन्सर निघतो. खरे निदान ग्रंथीचा तुकडा तपासूनच होते. बाबांच्या तुकड्यात कॅन्सर निघाला. तो हाडांपर्यंत गेला होता.

आता दर तीन महिन्यांनी बाबांना पुरुषी हार्मोन कमी करणारे इंजेक्शन मिळते आणि पीएसए तपासला जातो. ६२ चा आकडा ३ वर आला. रोग समूळ गेला नाही, पण औषध लागू पडते आहे हे त्या आकड्यावरून कळते. एकेकाळी लाजणारे बाबा आता स्वतःच विचारतात, "यंदा किती आला रे?"

वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर असेल तर आपल्यालाही धोका अधिक असतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून आम्हीही रक्त दिले. काही कॅन्सर इतके सावकाश वाढतात की नुसते लक्ष ठेवले तरी चालते. तेव्हा आकडा वाढला तर पुढे काय करायचे, हे तपासणीआधीच विचारून घ्यावे.

आमचा आकडा चांगला आला. पण त्या दिवसाच्या रजेच्या अर्जावर आम्ही कारण लिहिले होते, "घरगुती काम." बाबा इतके दिवस का बोलले नाहीत, ते तेव्हा उमगले.

बंधूंनो, घरातला म्हातारा माणूस रात्री किती वेळा उठतो, एवढे तरी आज विचारा. आणि स्वतःचेही लपवू नका.