रामकुंडावरची वही

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही दोघे भाऊ संगमनेरहून पहाटेच्या एसटीने नाशिकला गेलो. पंचवटीत उतरून गंगेवर आलो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाची पायरी उतरतो न उतरतो तोच एका गुरुजींनी विचारले, "गाव कोणते? आडनाव?" सांगताच त्यांनी पलीकडच्या उपाध्यांकडे बोट केले. गावे नि घराणी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली आहेत.

विधी उरकल्यावर उपाध्यांनी कापडात बांधलेली वही सोडली.

आमच्या घरात जन्माचा दाखला असा जुन्या कुणाचाच नाही. वडिलांची जन्मतारीख १ जून, मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेली. निम्म्या गावाची तीच आहे! आजोबा तर शाळेतच गेले नाहीत. पणजोबांचे नाव तेवढे ठाऊक, आणि त्यांच्या धाकट्या भावाविषयी एवढेच, की १९१८ सालच्या मानमोडीत तो गेला. नाव कुणालाच माहीत नव्हते. वडील सर्वपित्रीला 'धाकले बाबा' म्हणून पाणी सोडत.

उपाध्ये मोडी ओळी बोटाने वाचू लागले. शके १८४३, श्रावण, म्हणजे सन १९२१. मूळ गाव आमचे, हल्ली वस्ती येवले तालुका, लेकाच्या अस्थी घेऊन आला, सोबत बायको. पुढे भावाचे नाव, ते आमच्या पणजोबांचे.

मानमोडीत तो गेला होता, पण गाव सोडून. 'गेला' हा शब्द आमच्या घराने आजवर भलताच ऐकला. खाली १९५८ सालची त्याच्या दुसऱ्या मुलाची सही होती. आणि पुढच्या पानावर, १९७४ ची, आमच्या वडिलांची. आजोबांच्या अस्थी घेऊन ते याच वहीपाशी बसले होते. मागचे पान कुणी वाचून दाखवले नाही, त्यांनीही विचारले नाही.

तुम्ही जाल तेव्हा मागची पाने जरूर वाचून घ्या. मूळ गाव, जुने आडनाव, ठाऊक तेवढी नावे लिहून न्या. जन्मतारीख वहीत मिळत नाही. कोण, कुठून, कुणासाठी आला, एवढे मिळते. तारखांसाठी तहसील कचेरीत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहावे. त्यात पुष्कळदा 'अमक्यास मुलगा' एवढेच असते, बाळाचे नाव नसते. वारसाच्या जुन्या फेरफारात मात्र मयताची तारीख सापडू शकते. मोडी वाचणारा जाणकार गाठावा लागतो, त्याची तयारी ठेवा.

वहीत पणजीचे नाव होते, आजोबांच्या बहिणींची नव्हती. आमची नोंद करताना मी तिन्ही बहिणींची नावे सांगितली. उपाध्ये क्षणभर थांबले, मग लिहिली.

सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्याला कसे जायचे? तेरावे झाल्यावर कोपरगावला गाडी बदलून येवल्याकडे निघालो. वहीतले गाव सापडले, घरही सापडले. ओट्यावर एक म्हातारे बसले होते. पणजोबांचे नाव घेताच त्यांनी आम्हाला हाताला धरून बसवले. आमच्या भादरलेल्या डोक्यांकडे पाहून विचारले, "कोण गेलं?"

वडील गेल्याचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. उठले, आणि सुनेला आंघोळीचे पाणी काढायला सांगितले.