कुद्रेमुखच्या रानात दोन रात्री

उन्हाळा लागला की घरोघरी एक प्रश्न निघतो : यंदा कोठे जायचे? वाचकहो, आपल्या घरीही तो निघत असेल आणि त्याचे उत्तर बहुधा महाबळेश्वर, उटी किंवा मुलांचे आजोळ यांपैकी एक असेल. आमच्या घरी हे उत्तर ठरलेले होते. मे महिन्याचा पहिला आठवडा सांगलीला, माझ्या माहेरी. यंदा मात्र यजमान एका संध्याकाळी कामावरून आले, चहाचा पेला बाजूस सारला आणि म्हणाले, "कुद्रेमुखला जाऊ या का? तंबूत राहू."

मी चकित झाले ती तंबूच्या नावाने नव्हे. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत कुद्रेमुख हे नाव त्यांनी आपण होऊन एकदाही उच्चारले नव्हते.

याचा उलगडा पुढे होईलच. तत्पूर्वी आमच्या गावाविषयी थोडे सांगते, कारण बंगळूरला येणारे पुष्कळ मराठी प्रवासी त्यावरून जातात, पण उतरत नाहीत. होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर. कानडीत 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे कोट. सुगटूरच्या तम्मेगौडा नावाच्या नायकाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला बांधला, तेव्हापासून हा कोट 'नवा'च राहिला आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्या जहागिरीत होसकोटेही होते. नंदीच्या डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी गावाजवळून जाते. आज मात्र गावाची कीर्ती वेगळीच आहे. पहाटे चार वाजता येथील बिर्याणीच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि त्यासाठी बंगळूरहून लोक मोटारी घेऊन येतात. इतिहासाला एवढी गर्दी होत नाही!

आमच्या घरात मी, यजमान आणि मामंजी अशी तीन माणसे. मामंजी मूळचे बेळगावकडचे. ऐन तारुण्यात, १९८१ साली, ते कुद्रेमुखच्या लोहखनिजाच्या खाणीत यंत्रदुरुस्तीच्या कामावर लागले. यजमानांचा जन्म तेथीलच. खाण बंद झाली तेव्हा ते दहावीत होते. मामंजींची बदली मंगळूरला झाली, बिऱ्हाड हलले आणि त्यानंतर बापलेकांपैकी कोणीही तिकडे फिरकले नाही. आम्ही जाणार असे कळल्यावर मामंजी काही बोलले नाहीत. निघायच्या आदल्या रात्री मात्र मला म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी आता डोंगर व्हायचा नाही. तुम्ही एवढेच पाहून या, आम्ही कापलेल्या डोंगरावर गवत आले का?"

माझी सहा वर्षांची भाची फोनवर भलताच प्रश्न विचारून मोकळी झाली. मावशी राष्ट्रीय उद्यानात जाणार म्हणताच ती म्हणाली, "तिथं घसरगुंडी असेल का?" मी भाषांतराच्या धंद्यातली. 'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल, पण तो किती फसवा आहे हे त्या पोरीने दाखवून दिले. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताटवे, कारंजे आणि बाक येतात. येथे तर सहाशे चौरस किलोमीटरचे रान आहे! त्या वेळी मी हसून सोडून दिले.

आमच्या दारावरून जाणारा पंचाहत्तर क्रमांकाचा महामार्गच पुढे हासनकडे जातो. तेथून बेलूर, मुडिगेरे आणि कोट्टिगेहार. हा सारा कॉफीच्या मळ्यांचा प्रदेश. कोट्टिगेहारला नीर डोसे खावेत. कळस गावी भद्रा नदी भेटते. होसकोट्याहून एकूण पल्ला साडेतीनशे किलोमीटरांचा; पहाटे निघालो ते तिसऱ्या प्रहरी रानाच्या चौकीशी पोहोचलो. पहारेकऱ्याने वेळ लिहिलेली चिठ्ठी हाती दिली आणि वाटेत गाडी थांबवू नये, काही टाकू नये, असे बजावले.

कुद्रेमुख म्हणजे घोड्याचे मुख. शिखराचा आकार एका बाजूने तसा दिसतो म्हणून हे नाव. उंची १,८९२ मीटर. आपल्या कळसूबाईहून सुमारे अडीचशे मीटर अधिक. येथे वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सिंहपुच्छ वानर, म्हणजे काळ्या अंगाचे, रुपेरी आयाळीचे आणि शेपटीला सिंहासारखा गोंडा असलेले माकड, जगात केवळ सह्याद्रीच्या दक्षिण भागातच आढळते. प्राणिशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९८०च्या दशकात या वानरांची पाहणी केली आणि त्यातूनच या रानाच्या रक्षणाची शिफारस पुढे आली. १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जी ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कुद्रेमुख आहे.

पण उद्यान होण्यापूर्वीच येथे खाण होती. केंद्र सरकारची लोहखनिज कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली. माल घेणार इराण आणि कर्ज देणारही इराण, असा करार होता. १९७९ मध्ये तेथे क्रांती झाली आणि तो करार कोलमडला. तरी खाण चालू झाली आणि दुसरी गिऱ्हाइके मिळाली. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा, दगड दळायचा, लोह वेगळे काढायचे आणि पाण्यात कालवून सदुसष्ट किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरच्या बंदराकडे सोडायचे, अशी ती योजना. उरलेला गाळ अडवण्यासाठी लक्या ओढ्यावर सुमारे शंभर मीटर उंचीचे धरण बांधले. एवढा पाऊस पडणाऱ्या जागी उघडा केलेला डोंगर भद्रेत उतरू लागला, तेव्हा विरोध वाढला. नागरहोळे येथे वनाधिकारी म्हणून नाव मिळवलेले के. एम. चिन्नप्पा सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये निकाल लागला आणि २००५ संपता संपता खाणकाम थांबले.

वसाहतीत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. जेथवर जाऊ देतात तेथवर गेलो. घरांच्या रांगा उभ्या होत्या, परंतु कौले उतरलेली, खिडक्यांतून वेली आत शिरलेल्या. यजमान भराभर चालत होते. "हे डाकघर. येथून दूध यायचे. येथे गणपती बसायचा." मराठी, कानडी, तुळू, मल्याळी, सगळ्यांचा एकच गणपती. एका वळणावर मात्र ते गोंधळले. आपल्या घराची रांग कोणती, हे त्यांना ओळखता येईना. दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. शेवटी गवतात एक लोखंडी सांगाडा दिसला, गंजून लाल झालेला. पायऱ्या शाबूत होत्या, पत्रा गळून गेला होता. "घसरगुंडी," ते म्हणाले. "म्हणजे डावीकडची तिसरी रांग."

माझ्या भाचीची चेष्टा मी किती सहज केली होती ते मला तेव्हा आठवले.

घराच्या आत त्यांनी पाऊल टाकले नाही. उंबऱ्यापाशी उभे राहिले, दारावरचा क्रमांक बोटाने पुसून पाहिला आणि म्हणाले, "चल, सहाच्या आत तळावर पोहोचले पाहिजे." रात्री या रस्त्यावर वाहनांना मज्जाव असतो.

वनखात्याचा भगवती तळ ऐन रानात, भद्रेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आहे. तंबू, खाटा, जेवण, सारे तेथेच मिळते. आपण न्यायचे ते विजेरी, मीठ आणि धीर. मीठ जळवांसाठी. वळवाची एक सर झाली की त्या पालापाचोळ्यातून उभ्या राहतात आणि चपळाईने मोज्यात शिरतात. दूरध्वनीला तेथे संपर्क मिळत नाही, हे मात्र वरदानच समजावे.

त्या पहिल्या रात्री आम्हा दोघांत वाद झाला. वाचकहो, प्रवासवर्णनात नवराबायकोचा वाद सांगू नये असा संकेत आहे, पण तो गाळला तर हे वर्णन खोटे होईल. कंदिलाच्या उजेडात मी सहज म्हणाले, "खाण बंद झाली म्हणून हे रान वाचले." एरवी ते मान डोलावून स्वस्थ राहिले असते. त्या रात्री म्हणाले, "तू भाषांतर करतेस त्या लेखांत हे एक वाक्य असते. आमच्या घरी ते वाक्य तीन वर्षे चालले होते. निकाल लागला त्या दिवसापासून आई एक-एक भांडे बांधून ठेवी आणि पुन्हा सोडी."

"मग खाण चालू राहायला हवी होती का?"

"नाही. तसे मी म्हणत नाही. बाबाही म्हणत नाहीत. पण झाले ते योग्य झाले म्हणून ते घर आमचे नव्हते, असे होत नाही."

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. खाण थांबली हे योग्यच झाले असे मी तेव्हा मानत होते आणि आताही मानते. परंतु ती वाक्ये लिहिताना माझी लेखणी यापुढे पूर्वीइतकी सरळ धावेल असे वाटत नाही. बाहेर ओढ्याचा आवाज येत होता. तंबूवर थेंब पडू लागले, मग सर आली आणि बोलणे आपोआप थांबले.

पहाटे एका शिळेने जाग आली. कोणी पोरगा रमतगमत, सूर चुकवत शीळ घालीत जावा, तशी. यजमान अंधारातच म्हणाले, "शीळकरी कस्तूर. शाळेत जाताना हा रोज असायचा." आदल्या रात्रीचा विषय कोणी काढला नाही.

शिखराची वाट वणव्याच्या भीतीने त्या दिवसांत बंद होती, म्हणून तळावरच्या वाटाड्यासह जवळच्या एका टेकाडावर गेलो. माणूस पन्नाशीचा, मितभाषी. यजमान त्याच्याशी कानडीत बोलू लागले आणि पाचच मिनिटांत दोघांच्या ओळखीचा एक जुना चहावाला निघाला. मग तो आम्हांला पाहुणे समजेना. टेकाडावरून त्याने डोंगराची रचना दाखवली. माथ्यावर आणि उतारांवर नुसते गवत. दोन उतारांच्या खोलगट घडीत मात्र दाट, बुटकी झाडी. हिला शोला म्हणतात. माथ्यावर वारा झाडांना वाढू देत नाही. घडीत ओल आणि माती टिकते, तेथे रान वाढते. पावसाचे पाणी गवत आणि शोला मिळून धरून ठेवतात व उन्हाळाभर थोडे थोडे सोडतात. मे महिन्यात आमचा ओढा वाहत होता तो त्यामुळे. होसकोट्याच्या पिनाकिनीकडे पाहण्याची सवय असलेल्या मला ते वाहते पाणी पाहून, खरे सांगते, थोडा हेवा वाटला.

याच डोंगरांतील गंगामूळ येथे तुंगा आणि भद्रा उगम पावतात. नेत्रावतीचा उगमही तेथेच मानतात. नेत्रावती पश्चिमेला मंगळूरच्या समुद्रास मिळते. तुंगा आणि भद्रा शिमोग्याजवळ कूडली येथे एक होतात आणि ती तुंगभद्रा पुढे आंध्रात कृष्णेस मिळते. म्हणजे माझ्या माहेरच्या घाटाखालून जाणारे पाणी आणि तंबूपुढचे हे पाणी अखेर एकच. हे मी यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "मग यंदाही तू माहेरीच आलीस म्हणायचे."

परतीच्या दिवशी मामंजींचे काम केले. खाणीच्या आवारात जाता येत नाही. दूरवरून, झाडीच्या फटीतून, कापलेला डोंगर जेवढा दिसला तेवढा पाहिला. पायऱ्या अजून स्पष्ट होत्या. त्यांवर हिरवे होते, पण सगळे गवत नव्हते. बरीचशी बाहेरून आणून लावलेली झाडे वाटत होती. मूळचे गवत एका कडेने, शेजारच्या न कापलेल्या डोंगरावरून, वर चढत आल्यासारखे दिसले. यजमानांनी बराच वेळ पाहिले आणि छायाचित्र मात्र घेतले नाही.

वाटेत टायर पंक्चर झाले आणि होसकोट्यास पोहोचेपर्यंत पहाटेचे चार वाजले. बिर्याणीच्या दुकानापुढे रांग लागलेलीच होती. घरी दिवा जळत होता. मामंजी जागे होते. त्यांनी प्रवास कसा झाला हे विचारले नाही.

"आले का?"

"आले आहे, बाबा. एका बाजूने."

"कोणत्या?"

यजमानांनी टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून डोंगर काढला, पायऱ्या काढल्या आणि गवत कोठवर आले आहे ती रेघ ओढली. मामंजी चष्मा लावून वाकले. "ही सातवी पायरी," ते म्हणाले, "ही नव्हे, ही." मी चहा ठेवला आणि ओले बूट वाळत घालायला गच्चीवर गेले. यजमानांच्या डाव्या बुटातून एक जळू बाहेर आली आणि होसकोट्याच्या कोरड्या फरशीवर उभी राहून इकडेतिकडे पाहू लागली.