नवी द्या, जुनी घ्या!

एक्स्चेंज ऑफरची आपल्याला सवय आहे. जुना फ्रीज द्या, नवा न्या. जुना मोबाइल द्या, वर थोडे पैसे टाका, नवा खिशात. मला आलेली ऑफर मात्र बरोबर उलटी आहे. माझी तीन वर्षं वापरलेली, चकाचक, मेक्सिकोत बनलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर द्यायची आणि १९८३ सालची, कडांचा रंग उडालेली जपानी स्क्वायर घ्यायची. पैसे ना इकडून ना तिकडून. आईची पहिली रिअॅक्शन, ‘‘नवी देऊन जुनी आणणार? अगं, बोहारणीलासुद्धा एवढा फायदा होत नाही!’’

ऑफर देणारे काका सीवुड्सला राहतात. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून रिटायर झालेले. (नेरूळ-सीवुड्समध्ये प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत एक तरी बोटीवरचा माणूस भेटतोच. मर्चंट नेव्हीचं ट्रेनिंग देणारी टी. एस. चाणक्य इथेच, कराव्याला आहे.) ही गिटार त्यांनी योकोहामाला घेतली. आता बोटं आखडतात, वाजवणं होत नाही. नातवाला गिटार शिकायचीय, पण त्याला हवी नवी, झगमगीत, वॉरंटीवाली. ‘‘विकायची नाही मला,’’ काका म्हणाले. ‘‘वाजवणाऱ्याकडे जाऊ दे. तू वाजवतेस, तर तू घे. त्याला तुझी दे.’’

आता तुम्ही म्हणाल, स्क्वायर म्हणजे तर फेंडरचा स्वस्तातला ब्रँड! कॉलेजातली पोरं पहिली गिटार म्हणून घेतात तो. बरोबर. आजची स्क्वायर तीच. पण १९८३ची भानगड वेगळी आहे. १९६५मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली आणि सत्तरच्या दशकात ‘पूर्वीसारखी गिटार राहिली नाही’ अशी ओरड सुरू झाली. तिकडे जपानी कारखाने फेंडरच्या इतक्या सही कॉप्या काढत होते की अमेरिकन कंपनीला घाम फुटला. मग फेंडरने शहाणपणा केला. १९८२मध्ये जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान काढली आणि मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्याला काम दिलं. तिथून १९८२ ते ८४ या काळात बाहेर पडलेल्या गिटारींचे नंबर ‘जेव्ही’ या अक्षरांनी सुरू होतात. पन्नाशी-साठीतल्या जुन्या फेंडरची मापं घेऊन, जीव लावून बनवलेल्या या गिटारी. जगभरातले शौकीन आज त्या शोधत फिरतात.

काकांच्या गिटारीवर जेव्ही आहे. मी चार स्क्रूंच्या त्या लोखंडी पट्टीवरचा नंबर तीनदा वाचला.

आणि एवढ्यावर भाळायचं नसतं म्हणून बाकीचंही तपासलं. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधली फट बघितली. नेक सरळ. फ्रेट थोडे झिजलेत, पण अजून काही वर्षं सहज चालतील. आवाजाची बटणं फिरवताना खरखर येते का? अजिबात नाही, कारण आतले पॉट काकांनी लॅमिंग्टन रोडवरून आणून बदललेत. इथे माझा चेहरा पडला. जुन्या गिटारीत एकेक मूळ पार्ट बदलला की किंमत उतरत जाते. तर काकांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात मूळ पॉट, मूळ वायर, एक जुना स्क्रूसुद्धा. इंजिनीअर माणूस! ‘‘काढलेला पार्ट फेकायचा नसतो,’’ एवढंच म्हणाले.

फ्रेटबोर्ड शिसवी लाकडाचा. साठच्या दशकात ब्राझीलचं शिसवी मिळेनासं व्हायला लागलं, तेव्हा गिटार कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या. त्यामुळे हे लाकूड सह्याद्रीतून जपानला गेलं आणि आपण ते परत आणलं, अशी काकांची लाडकी थिअरी आहे. मी वाद घातला नाही.

त्या काळात अशी गिटार मुंबईत असणं म्हणजे काय, हे आपल्या पिढीला कळायला जरा अवघडच. दुकानात जाऊन इम्पोर्टेड गिटार उचलणं १९९१च्या आधी स्वप्नच होतं. यायची ती बोटीवरच्या माणसांबरोबर, नाहीतर गल्फमधल्या मामाबरोबर. १९८६ला धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं, रॉक मशीनचा महेश तिनईकर लीड गिटार वाजवायचा. काका सुट्टीवर असले की ठाण मांडून बसायचे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले ते कार्यक्रम बंद पडले. आपण फक्त किस्से ऐकायचे.

आवाजाचं सांगू? माझी फेंडर चांगलीच आहे, तक्रार नाही. पण ही प्लग केली, एक साधा ई मायनर वाजवला आणि मी पुढचा अर्धा तास गप्प होते. नेक हातात अशी बसते की जणू चाळीस वर्षं कोणीतरी माझ्यासाठी घासून ठेवलीय.

मग अडलंय कुठे?

अडलंय पैशात. मी फ्रीलान्सर. चेक कधी येईल हे देव आणि अकाउंट्स डिपार्टमेंट, दोघांनाच ठाऊक. कोपरखैरण्याच्या फ्लॅटचं भाडं मात्र पाच तारखेला. माझी फेंडर ही माझी फिक्स्ड डिपॉझिट आहे. हेडस्टॉकवरचं नाव वाचून दोन दिवसांत गिऱ्हाईक मिळतं, भाव सगळ्यांना माहीत. मागच्या पावसाळ्यात ती विकायच्या बेतात होतेच, तेवढ्यात एक पेमेंट आलं. आणि जेव्ही? टोकियो-लंडनमध्ये तिला मान असेल, पण वाशीत मला उद्या पैसे लागले तर? समोरचा ‘स्क्वायर’ वाचणार आणि दहा हजार म्हणणार. जेव्हीचं महात्म्य त्याला समजावेपर्यंत भाड्याची तारीख उलटलेली.

म्हणजे मी गिटारीच्या बदल्यात गिटार देतच नाहीये. अडीअडचणीची सोय देऊन, विकता न येणारी वस्तू घरी आणतेय. वर खाडीची दमट हवा. पावसाळ्यात तारा महिन्याभरात गंजतात, चाळीस वर्षांच्या मेटलचं काय होईल?

आठवडाभर कागदावर आकडेमोड केली. शेवटी काकांना खरं ते सांगितलं. दोन महिन्यांचं भाडं बँकेत वेगळं पडलं की त्याच दिवशी अदलाबदल. दिवाळीपर्यंत जमेल. तोवर थांबाल का? नाहीतर दुसरं कोणी बघा, राग नाही.

‘‘एवढी वर्षं थांबलीय, दिवाळीपर्यंत थांबेल,’’ काका म्हणाले. ‘‘फक्त केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा, दर महिन्याला बदल.’’ डबा मिळणार का, हे मी विचारलं. मिळणार म्हणाले.

नातू खट्टू झाला. त्याला या रविवारीच हवी होती.

मी चपला घालत होते, तेव्हा काकांनी मागून हाक मारली, ‘‘अगं, तुझ्या गिटारीचं बिल आहे ना? आणि वॉरंटी कार्ड? येताना घेऊन ये. तपासून घेईन मी.’’