शब्दांची सोयरीक

माणसांच्या कुळाची चौकशी करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मी मराठीचा मास्तर. शब्दांच्या कुळाची चौकशी हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात भेटलेले एक गमतीचे घराणे म्हणजे ‘टेलिव्हिजन’.

ग्रीक भाषेत ‘टेले’ म्हणजे दूर. गॅलिलिओच्या दुर्बिणीला १६११ साली ‘टेलिस्कोप’ हे नाव मिळाले, तेव्हा ‘पाहणे’ हे उत्तरपदही ग्रीकच होते. ‘टेलिफोन’मधला आवाजही ग्रीक. सारे कसे एका घरातले! पण १९०० साली पॅरिसच्या विद्युत-परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन गृहस्थाने ‘टेलिव्हिजन’ हा शब्द वापरला, आणि ग्रीक ‘टेले’च्या गळ्यात लॅटिन ‘व्हिजिओ’ने माळ घातली. आंतरजातीय विवाहच म्हणा ना!

ही लॅटिन वधू आपल्याला अगदीच परकी नाही बरे. तिचा धातू ‘व्हिदेरे’, म्हणजे पाहणे. आणि आपला ‘विद्’, म्हणजे जाणणे. दोघांचे मूळ एकच. म्हणजे ‘वेद’ आणि ‘विद्या’ या घरच्या मंडळींची ती दूरची बहीणच लागते.

आपण तिच्यासाठी ‘दूरदर्शन’ हा सोवळ्यातला शब्द काढला. १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळ्या निघालेल्या सरकारी संस्थेने तो मिरवलाही. पण घरोघर राहिला तो ‘टीव्ही’च. त्या दोन अक्षरांतही संसार शाबूत आहे : ‘टी’ ग्रीकांचा, ‘व्ही’ लॅटिनांचा!

आणि दुसऱ्यांचे कशाला? आपल्या ‘गैरसोयी’तला ‘गैर’ अरबी, ‘सोय’ आपली. ‘कागदपत्रां’तला कागद फारसी, पत्र संस्कृत. ‘दरवर्षी’ आपण दिवाळी करतो, त्यातला ‘दर’ही फारसीच. या शब्दांवाचून मामलेदार कचेरीत एक दिवस काढून दाखवा!

हे सारे मी वर्गात मुद्दाम सांगतो. मागच्या बाकांवर खेड्यांतून आलेली मुले बसतात. “सर, आमची मराठी शुद्ध नाही,” एवढे एकच वाक्य ती कशीबशी बोलतात आणि मग वर्षभर तोंड मिटून घेतात. शुद्धतेच्या धाकाने एक शब्द मेला तर कोशातून भरून काढता येतो. एक मूल मुके झाले तर त्याला कोणता कोश आहे?

शब्दाचे गोत्र जरूर विचारावे. त्यात आनंद आहे, ज्ञान आहे. पण गोत्र विचारून झाल्यावर त्याला पंक्तीला बसवावे, दारातून परत पाठवू नये.