वडिलांची पिशवी

आमच्या वडिलांनी सारी नोकरी सायकलवर केली. सीटच्या मागे जाड खाकी कॅनव्हासची, चामडी पट्ट्यांची पिशवी आडवी टांगलेली असे. तिच्यात डबा, रेनकोट आणि वाचनालयाची पुस्तके मावत. वडील गेले, सायकल गंजली. पिशवी मात्र आम्ही जपली.

कचेरी सुटल्यावर आम्ही वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे अर्ज भरून देतो. लेक शिकायला परगावी गेली आणि तिची गिअरची सायकल आमच्याकडे आली. तिला ना कॅरिअर, ना मडगार्ड. मग आम्ही वडिलांची पिशवी काढली आणि सुतळीने सीटखाली बांधली.

एका पावसाळी संध्याकाळी उतारावर सुतळी सैल झाली आणि पिशवी चाकावर टेकली. घरी येऊन पाहतो तर बूड घासून फाटलेले, आत एका मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चिंध्या! दुसऱ्या प्रतीसाठी शाळेत खेटे घातले, तेव्हा अखेरच्या दिवशी अर्ज गेला. मुलीची आई आम्हाला एक शब्दही बोलली नाही. तेच अधिक लागले.

वाचकहो, चूक पिशवीची नव्हती. जुन्या चामडी सीटला मागे दोन कड्या असत. पिशवीच्या दोन पट्ट्या त्या कड्यांत, तिसरी सीटच्या पाइपला. इंग्लंडमधल्या नेल्सन गावची कॅरॅडाइस कंपनी १९३२ पासून अशाच पिशव्या शिवते आहे. आजच्या बहुतेक सीटना कड्या नसतात. खाली साधारण ७ मिलिमीटर जाडीच्या दोन दांड्या तेवढ्या असतात. त्यांना पिशवी बांधली की ती खाली लोंबते. आमच्यासारख्या बुटक्याची सीट आधीच खाली, म्हणजे चाक आणखी जवळ!

शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने दांड्यांवर रबराची पट्टी गुंडाळून दोन लोखंडी कड्या बोल्टने आवळल्या. पिशवी खालून तोलून धरायला सळई वाकवून आधार केला. चामड्याचे काम करणाऱ्या आमच्या मित्राने बूड नव्याने शिवले, पट्ट्या बदलल्या. पैसे घेईना, "दादांची पिशवी आहे," म्हणाला. आम्ही बळेच दिले. कसबाचे मोल द्यायलाच हवे.

कुणाला असे करायचे असेल तर पिशवी भरून मगच माप घ्यावे. रिकामी पिशवी फसवते. जड वस्तू सीटच्या बाजूला ठेवावी. दांड्या कार्बनच्या असतील तर त्यांच्यावर कड्या आवळू नयेत, त्या तडकतात. आणि कागद आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. आम्ही मात्र आजही निघण्यापूर्वी पिशवी आणि चाक यांच्यामध्ये चार बोटे घालून पाहतो.