आजी, पुन्हा एकदा रडाल?

"आजी, फार छान झालं, पण फोकस हलला. पुन्हा एकदा रडाल?" गळ्यात हेडफोन अडकवलेल्या त्या मुलीनं हे इतक्या लाघवीपणानं विचारलं की मला नाही म्हणवेना. आठवलं की अजून जीव जळतो.

दहा वर्षांच्या नातीला घेऊन गाण्याच्या एका रिॲलिटी शोच्या ऑडिशनला गेले होते. मुलगा-सून कामावर, म्हणून सोबत मी. चारच महिन्यांपूर्वी आमचे हे गेले. नातीला पेटीवर सूर धरायला त्यांनीच शिकवलं. फॉर्ममध्ये 'प्रेरणा कोण' या रकान्यात तिनं 'आजोबा' लिहिलं आणि त्या लोकांना तेवढंच पुरलं. पोरगी गायली दीड मिनिट. आजोबांबद्दल तिला बोलतं केलं पाऊण तास. ते शेवटचं काय बोलले? पेटी आता कोण उघडतं? पहिल्यांदा ती रडली ते खरं. दुसऱ्यांदा रडली ती मला बघून. तिसऱ्यांदा तिला रडूच येईना, तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, माझं चुकतंय का गं?"

तिचा हात धरून मी तिथून निघायला हवं होतं. निघाले नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तेव्हापासूनची मी प्रेक्षक. चिं. वि. जोशींचा चिमणराव बघायला शेजाऱ्यांकडे सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचो. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे नट आहेत, हे नाटक आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी चिमणरावाची फजिती झाली की वाईट वाटायचं. त्यासाठी प्रभावळकरांच्या घरातलं दुःख कुणाला उकरावं लागलं नाही. स्पर्धेलाही माझा विरोध नाही. 1995 साली सोनू निगम 'सारेगम' सादर करायचा, त्यातही हार-जीत होतीच; पण बोलणं गाण्यावर व्हायचं. मुलांना अशा ठिकाणी पाठवणाऱ्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे, 'प्रेरणा कोण' हा रकाना कोरा ठेवा.

जुनं ते सगळं सोनं, असंही म्हणवत नाही. 1987 सालचं 'रामायण' 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागलं. पहिल्यांदा लागलं तेव्हा हातातली कामं टाकून बघणारी मी या वेळी अर्ध्यातच उठून भाजी निवडायला बसले. फार रेंगाळतं ते.

आणि आमचा तो भाग लागला त्या रात्री बिल्डिंगमधल्या बायका अभिनंदन करून गेल्या. तो भाग मी आतापर्यंत चारदा पाहिला आहे. पडदाभर ह्यांचा फोटो येतो, पेटीवर हात ठेवलेला, तेवढ्यासाठी. नातीचं गाणं त्यात बावीस सेकंद आहे. घड्याळ लावून मोजलं.